‘बंद करा’ म्हणणारा वर्ग

दिल्लीला जाऊन आलो म्हटलं की मिरजेत पहिला प्रश्न येतो, लाल किल्ला पाहिला का. दुसरा, कुतुबमिनार पाहिला का. आम्ही दोन्ही पाहिले नाहीत. लाल किल्ला रिक्षातून लांबून दिसला असं रुक्साना सांगते, पण ती भिंत बहुतेक दुसऱ्याच कशाची तरी होती. आम्ही पाहिला तो एका विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागाचा दुसरा मजला. पुन्हा दिल्लीला गेले तरी मी आधी तिथंच जाईन.

आमची ओळख करून द्यायला हवी. मी वैजयंती. मिरजेच्या एका रुग्णालयात बरीच वर्षं स्टाफ नर्स होते. नोकरी सोडल्यावर मी आणि रुक्साना शेखनं मिळून धुलाई केंद्र काढलं. मिरज हे दवाखान्यांचं गाव, आणि दवाखाना म्हटला की चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले आले. ते आम्ही धुतो. बॉयलर रुक्साना सांभाळते, हिशेब आणि दवाखान्यांशी बोलणं माझ्याकडे. बाकी बायका आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या. बऱ्याच जणींच्या घरात आमच्या शेडमधून जाणारा पगार हाच पहिला पगार.

मागच्या पावसाळ्यात दिल्लीहून तन्वी साठे नावाची मुलगी आली. तिच्या विद्यापीठात केस-लेखन केंद्र आहे. केस म्हणजे कोर्टातली नव्हे. एखाद्या खऱ्या धंद्यासमोरचा खरा पेच सविस्तर लिहायचा आणि तो एमबीएच्या वर्गात चर्चेला ठेवायचा, याला ते केस म्हणतात. तन्वी महिनाभर आमच्यात राहिली, चादरी पिळल्या, बॉयलरजवळ बसून टिपणं काढली. तिचं मराठी गोड आणि अर्धं हिंदी. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “काकू, हे कपडे सुखवायला कुठे टाकतात?” आम्ही तिला ‘वाळत घालणं’ शिकवलं.

ती गेली आणि पेच खरोखरच उभा राहिला. आमच्याकडे सर्वांत जास्त काम देणाऱ्या रुग्णालयानं कळवलं की नव्या आर्थिक वर्षापासून सगळे कपडे एकाच ठिकाणी देणार. काम दुप्पट असेल, आणि धुतलेल्या कपड्यांवर जंतू नाहीत हे प्रयोगशाळेच्या अहवालानं सिद्ध करावं लागेल. त्याच आठवड्यात बाहेरगावच्या एका मोठ्या धुलाई कंपनीचा माणूस आला. शेड आम्हाला द्या, तुमच्यातल्या तरण्या बायकांना कामावर ठेवतो, असं त्याचं म्हणणं. बैठक घेतली. कुणालाच काही ठरवता येईना. मी हे सगळं तन्वीला फोनवर सांगितलं. तिनं केस नव्यानं लिहून काढली आणि आम्हाला निरोप दिला की ती पहिल्यांदा वर्गात शिकवली जाणार आहे, तुम्ही दोघी या, प्रवासाची व्यवस्था केंद्र करेल.

बायका म्हणाल्या, जावा, आणि त्यांनाच विचारून या काय करायचं ते.

निजामुद्दीन आणि तिथून पुढं

गाडीतल्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच की रुक्सानाच्या दशम्या आणि लसणाची चटणी भोपाळपर्यंत पुरली. निजामुद्दीनला उतरलो तेव्हा थंडी हाडांत शिरत होती. मिरजेत आम्ही जिला थंडी म्हणतो तिच्यासाठी दिल्लीत कुणी कपाटातून स्वेटरसुद्धा काढणार नाही. तन्वीचे बाबा न्यायला आले होते. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरी, तीस-एक वर्षांपूर्वी पुण्याहून आले ते इथलेच झाले. त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही उतरलो.

साठेवहिनींनी आल्या आल्या आमच्या अंगावर रजया टाकल्या आणि पुढ्यात मुळ्याचे पराठे ठेवले, वर लोण्याचा गोळा. सकाळी नाश्त्याला मुळा, हे मला जरा अवघड वाटलं होतं. तिसरा पराठा मी मागून घेतला. वहिनी एका दमात मराठीत सुरू होऊन हिंदीत संपायच्या. “वैजयंतीताई, तुम्ही बिल्कुल संकोच करू नका, अपना ही घर समजा.” रात्री मात्र अस्सल वरणभात, लिंबू, तूप. इथली गाजरं लालभडक असतात आणि त्यांचा हलवा घरोघरी होतो. आमच्याकडच्या नारिंगी गाजरांना वहिनी नावं ठेवत होत्या. त्यावर मी गप्प राहिले, कारण वाटी माझ्या हातात होती.

तन्वी घरी राहत नाही. विद्यापीठाला जवळ पडतं म्हणून तिनं मुनिरकात खोली घेतली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी तिथं गेलो. गल्ली इतकी चिंचोळी की समोरासमोरच्या गॅलऱ्यांतल्या दोघींनी हात लांबवले तर मिठाचा डबा देता येईल. प्रत्येक मजल्यावर विद्यार्थी, प्रत्येक दारापुढं बुटांचा ढीग, आणि डोक्यावर तारांचं जाळं. तन्वीच्या भिंतीवर आमच्या शेडचा फोटो लावलेला होता. दोरीवर पांढऱ्या चादरी, मध्ये त्या वाळत घालणारी आमची फुलाबाई हसते आहे. ती म्हणाली, ही माझी पहिली केस आहे काकू, आज वर्गात फसली तर मला लिहिता येत नाही असं ठरेल. तिला जेवण जात नव्हतं हे मला दिसत होतं. इतकी वर्षं नर्स राहिल्यावर तेवढं कळतंच.

दुसरा मजला

व्यवस्थापन विभाग म्हणजे विटांची लांबट इमारत, समोर हिरवळ, आणि हिरवळीवर उन्हात पाठ देऊन बसलेली मुलं. दुसऱ्या मजल्यावर एका रांगेत दारं, आणि प्रत्येक दारावर एका केंद्राची पाटी. मला वाटलं होतं की संशोधन केंद्रात कपाटं आणि शांतता असेल. पहिल्याच दारात एक मोमोवाला बसला होता. समोर दोन विद्यार्थी त्याला कराचा अर्ज भरायला शिकवत होते आणि तो त्यांना मोमोची चटणी का तिखट लागते ते सांगत होता. छोट्या विक्रेत्यांसाठी ही मदत फुकट, आणि मुलांना त्यातून खरं काम शिकायला मिळतं. पलीकडे लघुउद्योग सल्ला केंद्र. तिथं फरिदाबादचा एक कारखानदार आपले नटबोल्ट टेबलावर ओतून तावातावानं बोलत होता.

तन्वीला तिच्या प्राध्यापकांनी बोलावलं म्हणून ती आम्हाला मजल्याच्या टोकाच्या सभागृहात बसायला सांगून गेली. आम्ही टोक चुकलो. आम्ही गेलो त्या टोकाला कौटुंबिक व्यवसाय केंद्राचा मेळावा होता. दारात एका मुलीनं आमच्या छातीला पाहुण्यांचे बिल्ले लावले आणि थेट नाश्त्याच्या टेबलाकडे नेलं. आम्हाला वाटलं, दिल्लीत केस शिकवण्याआधी खाऊ घालतात. शेजारी बंद गळ्याचा कोट घातलेले एक गृहस्थ होते. त्यांनी रुक्सानाला अदबीनं विचारलं, आपकी कौनसी जनरेशन? त्या खोलीतला प्रत्येक जण आजोबा-पणजोबांचा धंदा चालवणारा होता, हे आम्हाला काय ठाऊक. रुक्साना म्हणाली, “पहलीच.”

गृहस्थांनी ताटली खाली ठेवली. त्यांनी आपल्या मुलाला हाक मारून बोलावलं आणि सांगितलं, यांच्याकडून शिक, सुरुवात करणारी माणसं आता बघायला मिळत नाहीत. मग तो मुलगा आम्हाला बॉयलरबद्दल विचारत बसला आणि रुक्साना त्याला मनापासून सांगत बसली. तन्वी आम्हाला शोधत आली तेव्हा आमच्या दोघींच्या हातात कुल्फी होती.

वर्ग

वर्ग जिन्यासारखा वर वर चढत जाणारा. आम्हाला सगळ्यांत मागच्या ओळीत बसवलं आणि गप्प राहायला सांगितलं. मुलांना आम्ही कोण ते माहीत नव्हतं. शिकवणाऱ्या होत्या प्राध्यापक मेहरा, केस-लेखन केंद्राच्या प्रमुख. ठेंगण्या, गळ्यात मफलर, आवाज मात्र पार मागच्या भिंतीपर्यंत जाणारा. त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, चालू आणि बंद, आणि मुलांकडे वळल्या.

चर्चा इंग्रजीत. मला बहुतेक सगळं समजत होतं, रुक्सानाच्या कानात तन्वी हळू हिंदीत सांगत होती. सुरुवातीला मला मजा वाटली. आमची शेड, आमचा बॉयलर, फुलाबाईचं नाव, सगळं दिल्लीतली मुलं बोलत होती. हळूहळू मजा ओसरली. एक मुलगी म्हणाली की एका गिऱ्हाइकावर अर्ध्याहून जास्त धंदा असणं हीच चूक. ते खरं होतं. दुसरा म्हणाला की कपडे सांभाळण्यात शिस्त आहे पण मळक्या आणि स्वच्छ कपड्यांचा रस्ता एकच आहे, त्यामुळे जंतूंच्या चाचणीत हे टिकणार नाहीत. तेही खरं. मी स्वतः वॉर्डात ही गोष्ट दुसऱ्यांना शिकवत आले होते, पण शेड इतकी लहान की तिथं मनासारखं करता आलं नव्हतं.

हरमन नावाचा एक सरदार मुलगा सर्वांत ठाम बोलला. आकडे मांडून त्यानं सांगितलं की कंपनीला शेड द्यावी, जितक्या बायकांना नोकरी मिळेल तितक्यांची घ्यावी, आणि उशीर करू नये. उशीर केला तर काहीच हाती राहत नाही, असं म्हणताना त्याचा आवाज जरा कोरडा झाला.

मेहरा मॅडमनी हात वर करायला सांगितले. ‘चालू’च्या बाजूला तुरळक हात. ‘बंद’ म्हटल्यावर सगळा वर्ग वर गेल्यासारखा वाटला.

मला त्या क्षणी काय झालं ते नीट सांगता येत नाही. राग नव्हता. मुलं हुशार होती आणि त्यांनी आमचं वाईट चिंतलं नव्हतं. पण आमच्या बायका तिकडे वाट बघत होत्या, आणि मला हे उत्तर घेऊन जायचं होतं. शेजारी तन्वीची मान खाली गेली होती. रुक्सानानं मला विचारलं, झालं का त्यांचं? मी म्हटलं, झालं.

मग मॅडम म्हणाल्या की या केसमधल्या दोघी आज मागच्या ओळीत बसल्या आहेत. सगळी डोकी एकदम वळली. हरमनचा चेहरा लाल झाला. आम्ही पायऱ्या उतरून पुढं गेलो. मी इंग्रजीत चार वाक्यं पाठ करून आणली होती. त्यातलं एकही आठवेना. शेवटी हिंदीतच सांगितलं की आमच्या गावात पूर्वी पेशंटचे नातेवाईक घरून चादर आणायचे, कारण दवाखान्याच्या चादरीवर आपल्या माणसाला झोपवायची त्यांना भीती वाटायची. आता आमच्या दवाखान्यांत कुणी आणत नाही. एवढं बोलून मी बाजूला झाले.

रुक्साना पुढं आली. तिची हिंदी मिरजेची, दिल्लीत कुणी कधी ऐकली नसेल अशी. पदर खोचून ती वर्गाकडे बघत उभी राहिली.

“तुम लोगां सब मिलके हमकू बंद कर दिये,” ती शांतपणे म्हणाली. “ठीक है. बराबर बोले तुम. अब उसी दिमाग से चालू करके दिखाओ. हम उत्ते दूर से बंद होने के वास्ते नई आये.”

मग मेहरा मॅडमनी डस्टर घेतलं आणि ‘बंद’ हा शब्द पुसला. म्हणाल्या, आज जेवण उशिरा. ज्यांना जायचं ते जाऊ शकतात.

कुणी गेलं नाही. सगळ्यांत आधी हरमन उठला. तो म्हणाला की लुधियानाला त्याच्या वडिलांचं कापड रंगवण्याचं युनिट होतं. त्यांनी बंद करायला उशीर केला आणि घरही गेलं. म्हणून तो तसं बोलला. मग बाह्या वर करून फळ्याशी गेला आणि आमच्या शेडचा नकाशा काढायला लागला. मला विचारत होता, दार कुठं, पाणी कुठून, उतार कुठल्या बाजूला. शेडच्या मधोमध एक भिंत घालायची, मळकं एका दारानं आत, स्वच्छ दुसऱ्या दारानं बाहेर, आणि दोन्ही बाजूंना दार असलेलं मशीन त्या भिंतीत बसवायचं, म्हणजे दोन्ही बाजूंची गाठच पडणार नाही. एक मुलगी म्हणाली, दुप्पट काम एकदम का घ्यायचं? आधी फक्त वॉर्डच्या चादरी मागा, शस्त्रक्रियेचे कपडे रुग्णालय स्वतः निर्जंतुक करतंच. पहिल्या ओळीतल्या मुलीनं, जिनं आमची चूक दाखवली होती तिनंच, मिरजेतल्या लहान नर्सिंग होम्सचा मुद्दा काढला. त्यांना स्वतःचं धुलाई खातं परवडत नाही, तुम्ही त्यांच्याकडे गेलात का? आम्ही गेलो नव्हतो. मोठ्या कामाच्या मागं लहान दारं राहूनच गेली होती.

मी आयुष्यात अनेक डॉक्टरांच्या राउंड पाहिल्या. एका आजारी माणसाभोवती इतकी डोकी इतक्या आस्थेनं जमलेली क्वचितच पाहिली. रुक्साना खडू हातात घेऊन हरमनच्या नकाशात बॉयलरची जागा दुरुस्त करत होती, आणि तो “हां जी आंटी, हां जी” म्हणत पुसत होता. तन्वी भराभर लिहून घेत होती. केस फसली नव्हती. मेहरा मॅडम तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या की या केसला आता दुसरा भाग लागेल.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये उशिरा मिळालेला कढीभात मी कधी विसरणार नाही. इकडे कढीत भजी घालतात आणि ती घट्ट असते. आमची पातळ कढी मला जास्त आवडते, पण त्या दिवशी मी दोनदा घेतली. बाहेर गेटपाशी भाजलेल्या रताळ्यांची चाट होती, वर लिंबू आणि मसाला. आपल्याकडे रताळं म्हणजे उपासाचं. रुक्साना म्हणाली, हे आपल्याकडे सुरू केलं तर धुलाई नाही चालली तरी चालेल. आता आम्ही तशी चेष्टा करू शकत होतो.

नोएडा

तिसऱ्या दिवशी लघुउद्योग सल्ला केंद्राचे भाटी सर आम्हाला नोएडाला घेऊन गेले. विद्यापीठाचं हे केंद्र लहान कारखान्यांना सल्ला देतं, चाचण्या करून देतं, आणि त्यांची बरीचशी कामं नोएडातच असतात. हरमनही आला, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. नोएडात पेठा नाहीत, सेक्टर आहेत, सगळे आकड्यांचे. ड्रायव्हर एक आकडा चुकला आणि आम्ही एका बातम्यांच्या वाहिनीच्या दारात जाऊन उभे राहिलो. तिथला पहारेकरी रुक्सानाला मुलाखतीला आलेली पाहुणी समजून आत सोडायला निघाला होता.

शेवटी योग्य सेक्टर सापडला. एका मध्यम रुग्णालयाचं धुलाई खातं, आणि त्यात भिंतीत बसवलेलं मशीन. ते चालवणारी कमलेश नावाची बाई आमच्याच वयाची. रुक्सानानं तिला पहिला प्रश्न विचारला की पाणी जड असलं तर काय करता. त्यानंतर दोघी आमच्यासोबत नव्हत्याच. एक खास उत्तर प्रदेशातली हिंदी, एक मिरजेची. तास-दीड तास मशीनचं दार उघडून, झाकून, वाफेचा नळ सोडून, बंद करून त्यांचं चाललं होतं. रुक्साना परत आली ती म्हणाली, “ताई, हे मला जमतंय.” इतक्या वर्षांत तिनं मला जे सांगितलं त्यात यापेक्षा मोठं काही नाही.

भाटी सरांनी तिथंच दोन गोष्टी ठरवल्या. आमच्या धुतलेल्या कपड्यांचे नमुने केंद्र तपासून देणार, आणि वापरलेलं पण चांगल्या स्थितीतलं मशीन शोधून बँकेकडे जाणारी कागदपत्रं मुलांकडून तयार करून देणार. मी विचारलं, याचं आम्ही काय द्यायचं? ते म्हणाले, तुमच्या गावाहून दर महिन्याला फोन यायला हवा, चालू आहे एवढं सांगणारा.

मिरज

परत आल्यावर काय झालं ते सांगितल्याशिवाय हे वर्णन पुरं होत नाही.

भिंत आमच्याच बायकांच्या घरच्या गवंड्यांनी बांधली, आणि बँकेचं कर्ज मिळाल्यावर भाटी सरांनी शोधलेलं मशीन तिच्यात बसलं. लहान नर्सिंग होम्सची दारं मी स्वतः हिंडले, आणि इतक्या ठिकाणी चहा प्यायले की रात्री झोप येईना. त्यातली बरीच मिळाली. कंपनीच्या माणसाला नाही म्हणून कळवलं. पहिल्या तपासणीत नमुने नापास झाले. हरमननं फोनवर विचारून विचारून शोधून काढलं की धुतलेल्या चादरी आम्ही मळके कपडे आणणाऱ्या जुन्याच गाडीतून नेत होतो. गाडी बदलली. दुसऱ्यांदा पास झाले.

तो अहवाल घेऊन मी मोठ्या रुग्णालयात गेले. तिथल्या अधीक्षकांनी तो दोनदा वाचला, मग शेड बघायला स्वतः आले. भिंतीच्या या बाजूनं त्या बाजूला गेले, रुक्सानाला मशीनबद्दल काहीबाही विचारलं, वाळलेल्या चादरीवरून हात फिरवला. मग निघून गेले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. वॉर्डच्या सगळ्या चादरी तुमच्याकडे, आणि सहा महिने नीट चाललं तर बाकीचंही.

मी शेडमध्ये धावत आले. बॉयलर चालू, मशीन चालू, माझा आवाज कुणाला जाईना. मी हातवारे करत होते आणि बायकांना वाटलं काहीतरी बिघडलं. रुक्सानानं माझा चेहरा बघितला आणि मशीन थांबवलं, बॉयलर थांबवला. कामाच्या वेळी शेड इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती.

“मिळालं,” मी म्हटलं. “आपल्याला मिळालं.”

फुलाबाईच्या हातात ओली चादर होती, ती तशीच धरून ती उभी राहिली. सगळ्यांना नीट ऐकू गेलं होतं. तरी त्या म्हणाल्या, ताई, परत सांगा. मी परत सांगितलं.